आडवी केलेली पाटी

मला वाकडं काही बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरचा फोटो तिरका दिसला, तरी मी गप्पा अर्धवट टाकून उठते आणि सरळ करून येते. नवरा समोरून डोळे वटारत असतो, पण आता त्यानेही नाद सोडलाय. माहेरचे लोक म्हणतात की ही खोड रक्तातच आहे. आमच्या घराण्याकडे कधीकाळी दरबारात मानपान बघायचं काम होतं. कोण कुठे बसेल, कुणाचं पान कुणाशेजारी मांडायचं, ते सगळं. दरबार गेला, काम गेलं, खोड तेवढी वारशात मिळाली. त्यात राहायला इंदूर. स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून आमच्याकडे रस्त्यात कागदाचा कपटा दिसला तरी माणूस बेचैन होतो आणि शेजारणीच्या कचऱ्यात ओलं-सुकं एकत्र दिसलं तर दोन दिवस बोलणं बंद.

या खोडीचं मला कायम कौतुकच वाटत आलं होतं. मग एका सकाळी तिच्यामुळे एका अख्ख्या देशाचं बोलणं माझ्या हातून बंद पडलं. हे सांगताना मला अजूनही लाज वाटते, पण सांगायला हवं.

जगातले देश दर वर्षी एकत्र जमून हवामान बदलावर वाटाघाटी करतात, हे आपण टीव्हीवर बघतो. त्या मोठ्या परिषदेच्या आधी गरीब आणि मधल्या देशांच्या लहान बैठका होतात, ते टीव्हीवर दिसत नाही. तिथे जाऊन आपापसांत भांडण्यापेक्षा आधीच एक कागद ठरवून न्यावा, असा त्यामागचा हिशेब. तशी एक दोन दिवसांची बैठक आमच्या शहरात, बायपासवरच्या एका हॉटेलात ठरली. आयोजन पुण्याहून आलेल्या एका सरांकडे होतं. नोकरीसाठी इंदूरला येऊन त्यांना चार वर्षं झाली होती आणि आमची मराठी ऐकून त्यांच्या कपाळाला अजून आठी पडायची. त्यांना इंग्रजी नीट लिहिणारं स्थानिक माणूस हवं होतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं. काम काय, तर इतिवृत्त लिहिणं. हा सरांचा शब्द. आम्ही आपलं मिनिट्स म्हणतो.

कागद होता नऊ परिच्छेदांचा. त्यातला सातवा मला पहिल्या दिवशी चहाच्या वेळी नीट समजला, तोही एका बाईमुळे. ती समुद्रातल्या एका इवल्याशा देशाची प्रतिनिधी होती. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. नकाशात तो शोधायला मला चष्मा लागला होता. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या आतबाहेर. मोठमोठी फुलं छापलेला झगा, पायात सपाट चपला आणि खांद्याला इतकी जड पिशवी की ती चालताना एका बाजूला झुकायची. बाकीच्या देशांची पाच-पाच, सात-सात माणसं आली होती. काहींच्या बरोबर तर नुसती बॅग सांभाळायला माणूस होता. ही एकटी.

तिने माझ्यासमोर वहीचं पान धरलं आणि एवढं इंग्रजी तपासून द्याल का, असं विचारलं. एकच वाक्य होतं. ज्या देशांकडे प्रस्ताव लिहायला माणसं कमी आहेत, त्यांचा क्रमांक केवळ त्या कारणाने मागे जाऊ नये. मी एक स्वल्पविराम हलवला आणि हे कशासाठी ते विचारलं. मग तिने समजावून सांगितलं. समुद्र वर आला, वादळ झालं, तर गरीब देशांना मदत मिळायची सोय आहे. पण ती मिळवायला जाडजूड प्रस्ताव लिहावा लागतो, नकाशे, तक्ते, तज्ज्ञांची मतं, सगळं जोडून. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की ज्याचा प्रस्ताव आधी तयार, त्याला मदत आधी. ऐकायला किती सरळ वाटतं. पण मोठ्या देशात त्यासाठी इमारतीच्या इमारती आहेत, आणि तिच्या देशाच्या हवामान कार्यालयात तीन माणसं होती. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. ही फॉर्म भरते, हीच भाषण लिहिते, हीच विमानाची तिकिटं काढते. म्हणजे पाणी ज्यांच्या उंबऱ्याला लागलंय तेच रांगेत शेवटी. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय.

मी तिला म्हटलं की आमच्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसवायचं आणि एकाला भरभरून वाढायचं, दुसऱ्याला हात राखून. आमच्याकडे हे पाप समजतात. तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि वहीत लिहून घेतला. मग म्हणाली की हे वाक्य मागच्या वर्षीच एका बैठकीत मांडायचं होतं, ते राहून गेलं. घरी परतल्यावर बेटावरच्या वडीलधाऱ्यांनी तिला बसवून विचारलं की तू तिथे होतीस ना, मग बोलली का नाहीस. या वर्षी वाक्य घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. बोलताना हसत होती, पण पानाची कड सारखी दुमडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये वातावरण तापलेलं होतं. चौथ्या परिच्छेदावर दोन मोठे देश तासभर भांडले, आवाज चढले, एकाने तर पेन टेबलावर आपटलं. शेवटी तो परिच्छेद कसाबसा ठरला. सुधारलेल्या मसुद्याच्या प्रती काढायला मला बाहेर पाठवलं आणि नेमका प्रिंटर अडला. माझ्याच कॉलेजातली एक सहकारी तिथे कामाला होती. आम्ही दोघींनी मिळून त्यातला कागद ओढून काढला, त्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत अध्यक्षांनी हॉलमध्ये एक नियम सांगितला होता. हात वर करून गोंधळ होतोय, तेव्हा ज्याला बोलायचं आहे त्याने समोरची देशाच्या नावाची पाटी आडवीची उभी करावी. पाटी उभी असेतो त्याचा नंबर राखलेला. अशा बैठकांत हा रिवाज जुनाच आहे, हे मला मागाहून कळलं. पहिल्या दिवशी तर सगळे हातच वर करत होते. मला सरांनी एवढंच शिकवलं होतं की टेबलावर सगळं नीटनेटकं हवं आणि पाट्या सरळ हव्यात.

मी प्रतींचा गठ्ठा छातीशी धरून आत आले तेव्हा सहावा परिच्छेद संपत आला होता. मी पहिल्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली. तेवढ्यात बाजूच्या लहान खोलीतून एक मुलगी धावत आली आणि त्या बाईच्या कानाशी लागली. तिथे दुसरी बैठक चालू होती, वादळाच्या पूर्वसूचनेबद्दल, आणि तिच्या देशाचा विषय नेमका तेव्हाच निघाला होता. कुणी नसेल तर पुढे जातो, असं तिथले लोक म्हणत होते. ती उठली, टेबलाशी काहीतरी केलं आणि जवळजवळ पळत गेली. दारातून बाहेर पडताना तिचा फुलांचा झगा तेवढा मला दिसला.

मी तिच्या टेबलाशी पोचले. खुर्ची रिकामी. पाटी पाण्याच्या बाटलीला टेकून उभी. बाटलीचं झाकण उघडं, पेन घरंगळून कडेला आलेलं. मला वाटलं, बिचारीच्या घाईत धक्का लागला. मी पाटी आडवी केली, कडेशी समांतर लावली, झाकण फिरवलं, पेन वहीच्या शेजारी ठेवलं. बाटलीखालचं ओलं वर्तुळसुद्धा टिश्यूने पुसलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी पुढच्या टेबलाकडे वळले.

अध्यक्षांनी सातवा परिच्छेद वाचला. मग चष्म्यावरून सगळा हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि म्हणाले की मला एकही पाटी उभी दिसत नाही. दोन-तीन सेकंद थांबले. हातोडी वाजली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाटी उभी दिसत नाही, हे शब्द ऐकले आणि पाटी उभी करण्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. मी मागे वळून तिच्या टेबलाकडे बघितलं. किती नीट लावलं होतं मी. तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण चाळीसेक परदेशी माणसं, समोर कोट घातलेले अध्यक्ष, आणि मी कागद वाटणारी. वर्गात साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, तिथे मूग गिळून उभी राहिले. आठवा परिच्छेद सुरू झाला.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. तिने आधी पडद्याकडे बघितलं, तिथे आठ हा आकडा होता. मग टेबलाकडे. पाटीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी जवळच होते. तिने हलक्या आवाजात मला विचारलं, "मी उभी केली होती ना? की नुसतं मनात आलं होतं?"

मी तिला म्हटलं, पाणी आणू का.

त्या उत्तराची मला आजही किळस येते. ती नको म्हणाली आणि खाली बसली. तिने बाटलीचं झाकण उघडलं, पाणी प्याली नाही, परत लावलं.

जेवणाच्या सुट्टीत मी आधी सहकारिणीला गाठलं, कारण एकटीला ते पेलवत नव्हतं. तिने सगळं ऐकलं आणि मला थेट प्रिंटरच्या मागे ओढलं. म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण न! कोणी पाहिलंच नाही तर फालतूमध्ये सांगायचं कशाला? संध्याकाळी सगळे उडून जाणार आहेत." तिचं बोलणं मला पटावं असं मनापासून वाटत होतं, हेही कबूल करते.

मग सरांकडे गेले. ते प्लेट हातात घेऊन कुणाशी तरी हसत होते. मी सांगितल्यावर हसू तसंच राहिलं, फक्त प्लेट खाली ठेवली. मला बाजूला, खिडकीच्या पडद्याशी नेलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला शांतपणे समजावलं की हातोडी पडली की विषय बंद. तो उघडायचा तर सगळ्यांची संमती लागते. एक उघडला की चौथ्यावर भांडणारे दोघं म्हणतील, आमचाही उघडा. दोन दिवसांची मेहनत उसवून हातात येईल आणि मोठ्या परिषदेत हे देश कागदाशिवाय जातील. मग श्रीमंत देश यांना एकेक करून गुंडाळतील. त्यात त्या बाईचंही नुकसान आहेच की. आता हे वरातीमागून घोडं कशाला. ते जे म्हणत होते ते खोटं नव्हतं.

"तुम्ही इतिवृत्तात लिहा, कोणीही आक्षेप घेतला नाही," ते म्हणाले. "त्या क्षणी पाटी उभी नव्हती, हे खरंच आहे ना?"

"उभी नव्हती कारण मी आडवी केली, सर."

"ते कोण विचारतंय? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

प्राचार्यांना ते चांगला अभिप्राय कळवणार आहेत, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. धमकी नव्हती ती. पण मला कळायचं ते कळलं.

जेवणाच्या हॉलमध्ये ती एका कोपऱ्यात बसली होती. कौतुकाने केलेले आमचे दही-बडे, भुट्ट्याचा कीस, सगळं तिच्या प्लेटमध्ये होतं तसंच होतं. वही उघडून ती स्वतःचंच वाक्य बघत होती. मी शेजारी बसले, दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आणखी काही वाढू का एवढंच बाहेर पडलं. ती म्हणाली की कदाचित आपण आता थकलोय. दोन खोल्यांत पळताना काय केलं नि काय राहिलं ते आठवत नाही. आपल्या जागी कुणी तरुण पाठवायला हवं, असं घरी जाऊन सांगणार आहे. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिने तसं मानूनच टाकलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी उठले आणि लॅपटॉपपाशी जाऊन बसले.

पहिल्यांदा मी सरांनी सांगितलेलंच वाक्य टाइप केलं. चार शब्दांचं, व्याकरणशुद्ध, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मुलांना मी असंच लिहायला शिकवते, कर्ता गाळून, नीटनेटकं. पंधरा मिनिटं त्या चार शब्दांकडे बघत बसले. मग ते पुसले.

दुपारच्या शेवटच्या सत्रात इतिवृत्त मोठ्याने वाचायचं होतं. चार वाजता विमानतळाच्या गाड्या लागणार होत्या, अर्ध्या लोकांच्या बॅगा भिंतीशी लावून ठेवलेल्या. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी फोन. सर मागे दाराशी हाताची घडी घालून उभे होते. मी माइकसमोर उभी राहिले आणि एक ते सहा वाचले. सातव्यापाशी एक घोट पाणी घेतलं आणि जे लिहिलं होतं ते वाचलं. सातवा परिच्छेद मंजूर होताना एका देशाची पाटी बोलण्यासाठी उभी केलेली होती. त्या देशाच्या एकमेव प्रतिनिधी त्याच वेळी दुसऱ्या खोलीतल्या बैठकीत होत्या. कागद वाटणाऱ्या व्यक्तीने पाटी धक्का लागून हलली आहे असं समजून ती आडवी केली. त्यामुळे ती अध्यक्षांना दिसली नाही. ती व्यक्ती म्हणजे हे इतिवृत्त लिहिणारी मी.

हॉलमध्ये फोन खाली ठेवल्याचे आवाज आले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे बघितलंच नाही. त्या बाईकडे वळून विचारलं की आपल्याला काय मांडायचं होतं. ती उभी राहिली. वही उघडलीच नाही, वाक्य तिला पाठ होतं. एकदाच म्हटलं, सावकाश, आणि बसली.

अध्यक्ष म्हणाले की सातवा परिच्छेद पुन्हा उघडायला कुणाची हरकत आहे का. असेल त्याने पाटी उभी करावी. कोणी हललं नाही. मी मनात आकडे मोजत होते. मला वाटलं, झालं, मिळालं तिला. आणि मग दुसऱ्या रांगेत सकाळी पेन आपटणाऱ्या माणसाने आपली पाटी एका बोटाने उचलून उभी केली. त्याने सौजन्याने सांगितलं की वाक्याला आमचा विरोध नाही, भावना समजते, पण एकासाठी उघडायचं तर सगळ्यांसाठी उघडावं लागेल. एक पाटी पुरे होती. तिच्या बाजूने बोलायला एकही पाटी उठली नाही, तिच्यासारख्याच लहान देशांचीसुद्धा नाही. त्यांच्याही बॅगा भिंतीशी होत्या. अध्यक्षांनी तिचं वाक्य इतिवृत्तात शब्दशः नोंदवायला सांगितलं आणि हातोडी वाजवली. इतिवृत्त कोण वाचतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

सर माझ्याशी बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत. प्राचार्यांना काय कळवलं ते मला माहीत नाही, मात्र त्यानंतर असल्या कामासाठी माझं नाव कुणी सुचवलं नाही.

मी हॉटेलच्या पोर्चमध्ये तिला गाठलं. गाडीचं दार उघडं होतं, पिशवी आत गेली होती. मी माफीची वाक्यं जुळवून आले होते, इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला शोभतील अशी, आणि त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, मी सकाळीच सांगायला हवं होतं. तिने मान हलवली. हो, सकाळीच, असंच तिला म्हणायचं होतं. तिने ते गोड करून घेतलं नाही. मग म्हणाली की त्या पानाची एक प्रत हवी आहे, खाली माझी सही असलेली. घरी दाखवायला. मी धावत आत जाऊन काढून आणली, सही केली, तारीख घातली. तिने ती उभ्याउभ्या पूर्ण वाचली.

"मागच्या वर्षीही मी पाटी उभी करून गेले होते," ती म्हणाली. "परत आले तर आडवी होती. सगळे म्हणाले, तू केलीच नव्हतीस. वर्षभर मी तेच खरं धरून चालले."

कागदाची घडी तिने झग्याच्या खिशात घातली. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन तिने माझे आभार मानले. तिचं वाक्य गेलं ते गेलंच होतं, आणि ती मला थँक्यू म्हणत होती.